डॉक्टर कोणाच्या बाजूचे?

कळंब तालुक्यातील एक जोडपे माझ्याकडे समुपदेशनास येत असे. दुसऱ्या भेटीत नवऱ्याशी सोयाबीनच्या भावावर मी जरा जास्तच बोललो. तिसऱ्या भेटीला बाई गप्प. “तुम्ही यांचंच ऐकता,” एवढेच म्हणाल्या. चूक माझीच. ती दोघांसमोर कबूल केली, तेव्हा कुठे त्यांनी नवऱ्याच्या दारूचा विषय काढला.

एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याचे तीन भाग सांगितले : ध्येयावर एकमत, करावयाच्या कामावर एकमत आणि परस्पर विश्वास. जोडप्याच्या बाबतीत हे दोघांशीही जुळावे लागते. एकाशीच जुळले, तर दुसऱ्याचे मन उपचारातून उठते.

समुपदेशक एकतर्फी वाटल्यास तिथेच बोलून दाखवा. मात्र घरात मारहाण होत असेल, तर आधी एकट्याने भेटा. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.