आधी तपासणी, मग खरेदी

आज बोलायचं आहे विजेच्या बिलाबद्दल, आणि माझ्या एका चुकीबद्दलही.

आमच्या गटातली एक ताई कळमना बाजारात मिरचीचे देठ काढायला जाते. तिच्या घराचं बिल १०० युनिटच्या आत असायचं, ते अचानक १६० वर गेलं. सगळे म्हणाले, जुना फ्रिज वीज खातो. गटानं १५ हजारांचं कर्ज मंजूर केलं, सही मीच केली. नवा फ्रिज आला, हप्ता सुरू झाला, पण बिल जेमतेम कमी झालं. मग भर मे महिन्यात रात्रीचा पंखा बंद ठेवून ती लेकरांना झोपवू लागली.

शेवटी गल्लीतल्या पाच घरांनी मिळून ऊर्जा तपासणी करणारा जाणकार बोलावला आणि फी वाटून घेतली. त्यानं आधी वर्षभराची बिलं मागितली. मग घरातल्या एकेका वस्तूचा वापर मोजला. शेवटी सगळी बटणं बंद केली, फ्रिजचा प्लगही काढला. तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतच होता!

दोष निघाला पाण्याच्या मोटारीत. तिची जमिनीतली वायर सोललेली होती आणि ओल लागून करंट जमिनीत झिरपत होता. बटण फेजच्या तारेवर हवं, ते न्यूट्रलवर जोडलेलं होतं. त्यामुळे मोटार बंद असली तरी वायर जिवंतच. झिरपणारी वीज ९० वॅटच्या आसपास भरली. २४ तास, ३० दिवस, म्हणजे महिन्याला जवळपास ६५ युनिट.

ताई तेव्हा हळूच बोलली, "ओल्या हातानं नळाला हात लावला की मुंग्या येत होत्या. घरी सांगितलं, तर म्हणाले, तुला भास होतो." मैत्रिणींनो, ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्याच नळावर तिची लेकरं आंघोळ करत होती. अंदाजानं फ्रिज बदलला, आणि जिवाचा धोका तसाच राहिला होता.

हिशोब सोपा आहे. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की १ युनिट. साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, तो तेवढ्याच वेळात ११ युनिट घेतो. २०० वॅटचा कुलर रोज १२ तास चालला तर ७२ युनिट. शिवाय १०० युनिटच्या पुढच्या युनिटला दर जास्त लागतो, म्हणून थोडी गळतीही महागात पडते.

शेजारच्या घरी फ्रिजच्या दाराचं रबर सैल निघालं. दारात कागद धरून दार लावायचं. कागद सहज ओढून निघाला, तर रबर गेलं समजा. तिथे रबर बदलून काम भागलं.

मोठ्या कारखान्यांसाठी ऊर्जा तपासणीची तरतूद २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात आहे. घराला तशी सक्ती नाही, म्हणून आपण ती मनावर घेत नाही. कोणाला बोलवायचं ते मात्र पारखून घ्या. वस्तू विकायला आलेला माणूस तपासणीच्या नावाखाली वस्तूच विकेल. बिलं पाहणारा, वापर मोजणारा, वायरिंग आणि अर्थिंग तपासणारा, आणि आधी काय, नंतर काय करायचं ते कागदावर लिहून देणारा माणूस हवा. दुरुस्ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. ३० मिलिअँपियरचं गळती-रोधक स्विच बसवून घ्या. करंट झिरपू लागला की ते क्षणात वीज तोडतं. कुलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा. आणि कुणी बाई म्हणाली, मुंग्या येतात, तर तिचं आधी ऐका.

ताईच्या मोटारीची वायर बदलली, बटण नीट जोडलं. पुढचं बिल पुन्हा १०० च्या आत आलं. फ्रिजचा हप्ता मात्र ती अजून भरते आहे. म्हणून आमच्या गटानं ठराव केलाय: वीज वाचवायला वस्तू घ्यायची असेल, तर आधी तपासणीचा कागद, मग कर्ज.

आज रात्री एवढंच करा. सगळं बंद करून मीटरचा दिवा बघा. काय दिसलं ते पुढच्या बैठकीत सांगा.