लंडनच्या बाजारास पायी जाणारे पक्षी
लंडन शहरात ‘पोल्ट्री’ नावाचा रस्ता आजही आहे. मध्ययुगात तेथे कोंबड्या व इतर पक्षी विकले जात. विक्रेत्यांच्या संघास १५०४ साली राजाची सनद मिळाली. त्यापूर्वीच, १४ व्या शतकात, खेड्यांतून माल आणणाऱ्यांना लेडनहॉल येथे निराळी जागा नेमून दिलेली होती. वाटेतच पक्षी अडवून घ्यावयाचे व चढ्या दराने विकावयाचे, हा प्रकार तेथील कायद्याने निषिद्ध मानला होता. अडत्यांची ही रीत आपल्या वाचकांस अपरिचित नसावी!

उत्पादकाची खरी अडचण मात्र वाहतुकीची. सफोक व नॉरफोक परगण्यांतील टर्की आणि पाळीव हंस पायीच हाकीत नेत. डॅनियल डिफो याच्या १७२४ सालच्या प्रवासवर्णनानुसार स्टूर नदीवरील एका पुलावरून एका हंगामात टर्कींचे ३०० कळप गेले. एकेका कळपात ३०० ते १,००० पक्षी असत. हंस ऑगस्टमध्ये निघत, कारण तेव्हा पिके निघालेली असत व वाटेतील शेतांत त्यांना चरता येई. ऑक्टोबरअखेर रस्ते चिखलाने भरत आणि आखूड पायांच्या या पक्ष्यांना चालवेना. इतक्या मजलेत वजन किती घटत असेल, हे कुक्कुटपालकास सांगावयास नको. डिफोच्याच काळात यावर तोड निघाली : चार मजली गाड्या. घोडे बदलीत त्या रात्रंदिवस चालत व दोन दिवस आणि एका रात्रीत शंभर मैलांपर्यंत मजल मारीत.