पेंवांतील धान्याचा श्वास

ज्वारीचें पेंव फोडल्यावर जाणता कुळवाडी लागलीच आंत उतरत नाहीं. तोंड मोकळें करून तो वाट पाहतो आणि मग दोरीनें कंदील खालीं सोडतो. कंदील विझला तर उतरावयाचें नाहीं, अशी जुनी रीत आहे. पेवांत असें काय असतें, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

सांठविलेला दाणा निर्जीव नव्हे. त्यांतील जिवंत पेशींत, विशेषतः अंकुरांत, द्राक्षशर्करा अखंड पण सावकाश जळत असते. १८० ग्रॅम शर्करा १९२ ग्रॅम प्राणवायु घेते व त्यांतून २६४ ग्रॅम कर्बाम्लवायु आणि १०८ ग्रॅम पाणी निपजतें. श्वसन हें मंद ज्वलनच होय, असें फ्रान्समध्यें लाव्हाझिए व लाप्लास यांनीं १७८३ सालींच प्रतिपादिलें होतें. मात्र चुलींतील लाकडाप्रमाणें पेशी शर्करा एकदम पेटवीत नाहीं. प्रथम प्राणवायूवांचून तिचे दोन तुकडे होतात; पुढें तंतुकणिका नांवाच्या सूक्ष्म कणांत ते पायरीपायरीनें झिजतात. तेथील चक्र हान्स क्रेब्स यांनीं १९३७ सालीं उलगडलें. सुटलेल्या शक्तीचा सुमारें तिसरा हिस्सा ए. टी. पी. या द्रव्याच्या रूपानें पेशीच्या कामीं येतो; बाकीची उष्णता होऊन जाते.

खरी गोम त्या पाण्यांत आहे. दाणा ओला असेल तर श्वसन वाढतें, श्वसनानें ऊब व ओल वाढते, आणि मग बुरशी धरते. बुरशीही श्वास घेते! म्हणून शेंकडा १२ हून कमी ओल राहीपर्यंत, दाणा दातांखालीं कट्कन फुटेल असा, ज्वारी वाळवूनच भरावी.

बंद पेवांतील प्राणवायु सरत आला कीं कीड मरते. पेंवाचा हा मोठाच गुण. परंतु दाण्याच्या पेशी त्यावांचूनही शर्करा आंबवीत राहतात. त्यांत शक्ति थोडी मिळते, मद्यार्क व पुन्हा तोच वायु होतो, धान्यास आंबूस वास येतो, आणि उगवण जाते. बियाणें अशा ठिकाणीं ठेवूं नये.

कर्बाम्लवायु हवेच्या दीडपट जड असल्यामुळें तळाशीं बसतो. कंदील जळत राहिला म्हणूनही निर्धास्त होऊं नये. वायु मोजण्याचें यंत्र मिळाल्यास वापरावें. पेंवें आतां थोडीं राहिलीं, पण बंद कोठारांसही हाच नियम आहे. उतरणाराच्या काखेंतून दोर बांधलेला व वर दोन गडी असावेत. तो पडल्यास वरूनच ओढावा. वांचवावयास म्हणून मागोमाग उतरणारा माणूस बहुधा त्याच्या शेजारींच पडतो.