महापौर महोदय, माझा एक प्रश्न आहे!

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी माझी एक जुनी विद्यार्थिनी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महानगरपालिकांच्या निवडणुका एकाच दिवशी झाल्या. त्यांतल्या एका महापालिकेवर ती निवडून आली होती. पेढे झाले, नमस्कार झाला, आणि मग ती हळूच म्हणाली, "सर, मला भाषण शिकवा. सभेत पाण्यावर बोलायचंय, आणि आत्तापासूनच पाय लटपटतायत."

मराठीच्या प्राध्यापकाला याहून गोड विनंती ती कोणती? वर्षानुवर्षे उपमा, उत्प्रेक्षा आणि व्याजस्तुती यांचे पाठ देणाऱ्या माणसाला अखेर खरेखुरे सभागृह लाभत होते! मी तिची वही ओढली आणि झोकात लिहून दिले : "कुंभकर्णालाही लाजवील अशा निद्रेत गढलेले हे प्रशासन आमच्या वस्तीच्या कोरड्या घशाकडे कधी पाहणार? की मेघराज केवळ साहेबांच्या बंगल्यांवरच प्रसन्न आहेत?" स्वतःवरच खूश होऊन मी आत चहा सांगितला.

तिने ते दोनदा वाचले. मग पिशवीतून कायद्याचे जाडजूड पुस्तक काढून ती संकोचाने म्हणाली, "सर, सुरेख आहे, पण हे चालायचं नाही."

मी चष्मा लावला. मुंबई खेरीज करून राज्यातल्या बाकीच्या महापालिकांचा कारभार १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने चालतो. नगरसेवकाला प्रशासनास प्रश्न विचारण्याचा हक्क त्यात दिलेला आहे; पण त्यासाठी पूर्ण सात दिवस आधी लेखी सूचना नगरसचिवाकडे द्यावी लागते. आणि पुढे काय, तर प्रश्नात युक्तिवाद नसावा, उपरोध नसावा, दोषारोप नसावा, विशेषणे नसावीत, बदनामी नसावी! प्रश्न समजण्यापुरते आवश्यक नसेल तर कोणाचे नाव नको. कोणाचे मत विचारायचे नाही, "समजा असे झाले तर" असली काल्पनिक कोडी घालायची नाहीत. अधिकाऱ्याच्या वागण्याविषयी विचारायचे ते त्याच्या हुद्द्याच्या कामापुरतेच. या चाळणीतून जो प्रश्न उतरत नाही, तो पीठासनावरून नाकारला जातो.

म्हणजे माझ्या दोन वाक्यांतला कुंभकर्ण गेला, मेघराज गेले, बंगलेही गेले. उरले काय? एक प्रश्नचिन्ह! अलंकारांवर सरकारी बंदी आल्यासारखे वाटून मी थोडा रागावलोच. पण चहा निवेपर्यंत विचार करता करता ध्यानात आले की, हा नियम लिहिणारा माणसाचा स्वभाव चांगला ओळखून होता. "प्रशासन झोपले आहे काय?" या प्रश्नाला उत्तर नसते, असते ते फक्त प्रत्युत्तर. अधिकारी म्हणणार, "प्रशासन जागे आहे, योग्य ती कार्यवाही चालू आहे." बाके वाजणार, कोणी तरी मध्येच उठणार, आणि पाण्याचा विषय बाजूला राहून कोण कोणाला काय म्हणाले यावर तासभर जाणार. उपरोधाने बोलणाऱ्याला समाधान मिळते, पण ज्याला उत्तर द्यायचे असते त्याची सुटका होते!

आम्ही दोघे पुन्हा बसलो. या वेळी ती सांगत होती आणि मी फक्त खोडत होतो. शेवटी वहीत एवढेच राहिले : अमुक वस्तीत गेल्या तीन महिन्यांत नळाला किती दिवस पाणी आले? टँकरच्या किती खेपा झाल्या व त्यांवर किती रक्कम खर्च झाली? जलवाहिनीच्या दुरुस्तीचा आदेश कोणत्या तारखेला निघाला? ना विशेषण, ना उद्गारचिन्ह. पण यातल्या कोणत्याही ओळीला "योग्य ती कार्यवाही" हे उत्तर बसत नाही.

आम्हा नगरकरांना तर सभेच्या या शिस्तीचा अभिमान वाटावा. आमच्या गावात नगरपालिका आली १८५४ साली. तिची महानगरपालिका झाली २००३ मध्ये. आणि २०२४ साली शहरालाच अहिल्यानगर हे नाव मिळाले. नगरचे नामांकित वकील कुंदनमल सोभाचंद ऊर्फ भाऊसाहेब फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. पुढे शेवगावचे बाळासाहेब भारदे यांनी १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्षपद सांभाळले. एकाच जिल्ह्याने दोन अध्यक्ष द्यावेत, ही गोष्ट लहान नव्हे. आमच्या भुईकोट किल्ल्याचीही एक गंमत आहे. १९४२ नंतर तिथे जे थोर नेते बंदिवान होते, त्यांत पंडित नेहरू हे पूर्वी अलाहाबाद नगरपालिकेचे, तर सरदार पटेल हे अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले होते. देश चालवण्याआधी दोघांनीही गटारे आणि नळ यांवरच्या सभा चालवल्या होत्या!

सभेच्या नियमांचा खरा उपयोग मात्र अध्यक्षापेक्षा एकट्या पडलेल्या सभासदाला अधिक होतो. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला, तेव्हा विरोधी मत देणारे ते एकटेच होते. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे. ठराव अर्थातच त्यांच्याविरुद्ध गेला. पण सभा होती, मतदान होते, नोंद होती. म्हणून ते एकटे मत आपल्यापर्यंत येऊन पोहोचले. गोंगाटात घेतलेला ठराव असता तर त्या मताचा मागमूसही राहिला नसता.

आजचा कायदाही हेच राखतो. साधारण सभेची सूचना सात दिवस आधी निघते, ती सभासदाला विषय वाचता यावेत म्हणून. एक-तृतीयांश सभासद हजर नसतील आणि ते कोणी निदर्शनास आणले, तर सभा तहकूब करावी लागते. विषयपत्रिकेवर नसलेले काम सरसकट पुढे रेटता येत नाही. तातडीच्या विषयाला हजर सभासदांपैकी मोठ्या बहुमताची संमती लागते. ज्या विषयात स्वतःचा आर्थिक हितसंबंध आहे, त्यावर सभासदाने बोलायचेही नाही आणि मतही द्यायचे नाही. आयुक्तांना चर्चेत भाग घेता येतो, पण मत नाही. मतविभागणी झाली, तर कोण कोणत्या बाजूला होते ते नावानिशी इतिवृत्तात उतरते. बेशिस्त सभासदाला महापौर बाहेर जाण्यास सांगू शकतात. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा तशी पाळी आली, तर पंधरा दिवसांपर्यंत निलंबनही होऊ शकते. राजदंड पळवणाऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आपण पाहतोच. ज्या दिवशी राजदंड पळतो, त्या दिवशी विषयपत्रिकेवरचे विषय चर्चेवाचून पटापट मंजूर होण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, एवढे ते छायाचित्र पाहताना ध्यानात असू द्यावे.

आणि सभाच नसेल तर? मुंबईत मार्च २०२२ पासून, आमच्या नगरात २०२३ च्या अखेरीपासून, निवडणुका होईपर्यंत प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात रस्ते झाडले गेले, दिवे लागले, करही गोळा झाला. नव्हते ते एवढेच : महिन्याकाठी उभे राहून "का?" असे विचारणारे कोणी. घरातल्या एखाद्या माणसाची किंमत ते माणूस गावाला गेल्यावर कळते, तसे सभागृहाचे झाले.

आता माझ्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले ते सांगतो. सभेत ती उभी राहिली, "महापौर महोदय, माझा एक प्रश्न आहे," एवढे म्हणाली आणि कागदावरचे वाचून खाली बसली. टाळ्या पडल्या नाहीत. उत्तर मात्र लेखी मिळाले आणि त्यात आकडे होते. पाणी आल्याचे जे दिवस दाखवले होते, ते वस्तीतल्या बायकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेल्या खुणांपेक्षा पुष्कळच अधिक होते!

"आता तरी कुंभकर्ण घालायचा का, सर?" तिने फोनवर हसत विचारले. मी नको म्हटले. पुढच्या सभेसाठी तिने एकच ओळ दिली : सदर आकडा कोणत्या नोंदवहीवरून घेतला आहे? त्या ओळीचे उत्तर सभेत येण्याआधीच पाणीपुरवठा खात्याचा माणूस वस्तीत येऊन बायकांची कॅलेंडरे पाहून गेला. पाणी अजून रोज येत नाही. पण कोणत्या दिवशी, किती वाजता सोडणार, याची पाटी चौकात लागली आहे, आणि ती चुकली तर बायका तारीख टिपून ठेवतात.

वाचकहो, महापालिकेची सभा नागरिकांना खुली असते. बहुमताने तसे ठरवल्याखेरीज दारे बंद करता येत नाहीत. इतिवृत्ताची वहीही थोडे शुल्क भरून कोणालाही पाहता येते. दिवाळीचा फराळ आटोपला, पाहुणे आपापल्या गावी गेले, म्हणजे एखाद्या दुपारी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसा. मुलांनाही न्या. तिथे कोण जोरात बोलले ते ऐकू येईलच. नेमके कोणी विचारले, तेवढे मात्र घरी येऊन वहीत लिहून ठेवा. पुढच्या निवडणुकीत ती वही उपयोगी पडेल.