'के' नसलेला प्रोसेसर

उन्हाळी सुट्टीला घरी निघालो तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर मी एक यादी केली होती. पहिली ओळ होती : आय-५ १२६००केएफ, बी६६० मदरबोर्ड. आमच्या डॉर्मिटरीत रात्री दिवे मालवल्यावर गेमिंगच्या संगणकाची चर्चा सुरू झाली की एक वाक्य हमखास यायचे, "नावात 'के' नसेल तर तो गेमिंगचा प्रोसेसरच नव्हे." मी ते शिरसावंद्य मानले होते.

घर म्हणजे सध्या श्रीपेरुंबुदूर. बाबांची बदली झाल्यापासून आम्ही इथे आहोत. चेन्नईहून बंगळुरूच्या हमरस्त्याने साधारण चाळीस किलोमीटर. रामानुजाचार्यांचे हे जन्मगाव, पण बसच्या खिडकीतून दिसतात ते कारखानेच. नोकियाचे फोन इथे २००६ ते २०१४ बनत, डेलचा संगणकांचा कारखाना २००७ पासून आहे. माझी ताई अशाच एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासण्याच्या विभागात काम करते. संगणकासाठी लागणारे पंचेचाळीस हजार रुपये तिच्या पगारातून साठलेले होते. ग्राफिक्स कार्ड दिवाळीला घ्यायचे ठरले होते. तोवर तिचा डिग्रीचा अभ्यास त्या संगणकावर चालायला हवा, एवढीच तिची अट.

तिने यादी पाहिली आणि विचारले, "तू ओव्हरक्लॉकिंग करणार आहेस?"

मी म्हणालो, "ते आपोआप होतं ना?"

ती हसली नाही, हे तिचे उपकार. कागद घेऊन समजावू लागली. प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरतो. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा. त्याला ४४ ने गुणले की ४.४ गिगाहर्ट्झ. हा गुणक इंटेलने बहुतेक प्रोसेसरांत कुलूपबंद ठेवलेला असतो. 'के' म्हणजे कुलूप काढलेले, बाकी काही नाही. गुणक वाढवला की बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणजे वेग थोडा वाढतो, उष्णता मात्र पुष्कळ.

पूर्वी यात खरा फायदा होता. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर लोक सर्रास ४५० वर चालवत. दीडपट वेग फुकटात! (तेव्हा गुणक नव्हे, मूळ ठोकाच ६६ वरून १०० वर नेत.) आता कंपन्या तो फायदा स्वतःच काढून घेतात. आंब्याची पेटी भरताना जशी प्रतवारी लावतात तशी चिपची लावली जाते. शिवाय तापमान आणि वीज यांची मर्यादा पाहून प्रोसेसर आपला वेग आपणच वाढवतो, त्याला टर्बो म्हणतात. आय-५ १२४०० चा मूळ वेग २.५ आहे, पण गरज पडली की तो ४.४ पर्यंत जातो. आपण काहीही करायचे नाही.

मग तिने माझ्या पहिल्या ओळीतल्या चुका दाखवल्या. इंटेलचा 'के' प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा तर झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो, मी लिहिला होता बी. म्हणजे कुलूप काढायचे पैसे भरायचे आणि दार भिंतीत चिणलेले! 'के'च्या खोक्यात कूलर येत नाही, तो माझ्या यादीत कुठेच नव्हता. आणि 'एफ' म्हणजे आत चित्र दाखवणारा भागच नाही. ग्राफिक्स कार्ड येईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, पडदा काळा. ही शेवटची चूक मला सर्वांत लागली. ताईच्या पैशांतून मी तिलाच न वापरता येणारे यंत्र आणणार होतो, आणि स्वतः तर वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने घरी.

एएमडीचाही विचार केला. त्यांच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांचा गुणक मोकळाच असतो, त्यामुळे 'के'ची भानगड नाही. रायझन ५ ५६०० मध्येही सहा कोअर, बारा थ्रेड आणि खोक्यात कूलर आहे, पण आत ग्राफिक्स नाही. ७६०० मध्ये ते आहे, मात्र त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि तेवढ्यात आमचे बजेट बसेना. शेवटी साधा १२४०० ठरला, 'के' नाही आणि 'एफ'ही नाही.

चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर एका दुकानदाराने पुन्हा 'के'चाच आग्रह धरला. ताईने तिच्या मोडक्या तमिळमध्ये किंमत विचारली आणि पुढच्या दुकानाकडे वळली. वाचलेल्या पैशांत आठ-आठ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या आणि चांगला पॉवर सप्लाय आला. सोळाची एकच पट्टी घेऊ नका. दोन असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. ३२०० ची रॅम पुष्कळदा आधी कमी वेगाने चालते, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावे लागते. आमचे ओव्हरक्लॉकिंग ते एवढेच.

मे महिन्यात इथे ऊन कसे असते ते सांगून कळणार नाही. आमच्या खोलीत एसी नाही. दुपारी तीनला खोलीत ३६ अंश असताना प्रोसेसर ७६ वर होता. १०० ला पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो. इंटरनेटवरच्या बहुतेक चाचण्या थंड खोलीत होतात, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवा.

ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे त्यांनी प्रोसेसर बदलण्याआधी एक करून पाहावे. खेळातले रिझोल्यूशन कमी करा. फ्रेम वाढल्या तर अडसर ग्राफिक्स कार्डाचा होता, नवा प्रोसेसर घेऊन उपयोग नाही. जवळजवळ तेवढ्याच राहिल्या तर मात्र प्रोसेसर मागे पडतो आहे.

सुट्टी संपताना मी जुने, हलके खेळ खेळून घेतले. ताईचे प्रोजेक्ट त्यावर सुरू झाले आहे. रविवारी फोन केला तेव्हा तिने आधी तापमान सांगितले, मग घरची खुशाली.