खानदेशातील स्वयंप्रेरित अभ्यासाचा मागोवा

खानदेशात इतिहास, भाषा, गणित आणि कला यांचा जो मोलाचा अभ्यास झाला, त्यातला बराचसा जळगावला विद्यापीठ येण्याआधीचा आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले. तोवर हे काम डॉक्टर, वकील, शिक्षक आणि छायाचित्रकार यांनी आपल्या हौसेने व पदरमोडीने केले. कोणी नेमले नव्हते, पगार नव्हता आणि विषयांच्या हद्दीही कोणी आखून दिल्या नव्हत्या. त्यामुळे एकाच माणसाच्या कपाटात इतिहासाची कागदपत्रे, व्याकरणाची टिपणे आणि समाजशास्त्राचे लेख शेजारी शेजारी सापडतात. हे काम पुढे टिकले की नाही, हे मात्र अभ्यासकाच्या बुद्धीपेक्षा त्याच्यामागे दप्तर कोणी सांभाळले यावर ठरले.

या परंपरेची सर्वांत जुनी खूण चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे आहे. थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातील इतर ग्रंथ शिकवले जावेत, म्हणून त्याने पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेव याने शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिले. या दानाच्या शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात असून त्यात घराण्याची वंशावळ आहे. शेवटचा व्यवहाराचा भाग मात्र मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावरचे राजाचे उत्पन्न मठाला द्यावे आणि चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, अशी त्यातली व्यवस्था. गणिताच्या पाठशाळेचा खर्च बाजारपेठेने आणि तेल्यांनी उचलावा, ही तरतूद तेराव्या शतकाच्या आरंभीच्या समाजाबद्दल पुष्कळ काही सांगते. मराठीच्या जुन्या लेखांतही या ओळींना महत्त्वाचे स्थान आहे.

हा शिलालेख अभ्यासकांपुढे आणला तो मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंतच्या ज्योतिर्विदांचा काळ ठरवणारा त्यांचा निबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. भास्कराचार्यांची वंशावळ त्यामुळे पोथ्यांतल्या उल्लेखांबरोबरच दगडावरच्या पुराव्यावर उभी राहिली. त्यांचे जन्मस्थान विज्जलविड नेमके कुठले, यावर मात्र अजून एकमत नाही. पाटण परिसराचा दावा त्यांतला एक.

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशाचे ठाणे धुळे. धुळ्याला संशोधनाची पेठ बनवले ते वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी. १८७१ मध्ये जन्मलेल्या देवांचा ध्यास एकच होता, समर्थ रामदास. तेथील सत्कार्योत्तेजक सभेच्या आधाराने त्यांनी रामदासी मठ पालथे घातले, बाडे मिळवली, नकला करून घेतल्या. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हस्ताक्षरातली प्रत प्रमाण धरून त्यांनी १९०५ मध्ये ‘दासबोध’ छापला. तोंडी परंपरेने व पाठभेदांनी गढूळ झालेला ग्रंथ मुळाशी नेऊन पाहण्याची ही शिस्त भक्ताकडून आली, याचे विशेष वाटते. देवांनी जमवलेला संग्रह धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची प्रतही तिथेच आहे. बाडांत ओव्या आणि अभंगांबरोबर गायची पदेही असतात. त्यामुळे असा संग्रह कीर्तनसंगीताच्या अभ्यासकालाही उपयोगी पडतो.

याच धुळ्यात इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आयुष्याच्या अखेरीस आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला. पुढे बावीस खंड झाले. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. परंतु त्यांना केवळ इतिहासकार म्हणणे अपुरे आहे. ज्ञानेश्वरीची जुनी पोथी हाती लागताच ते तिच्या व्याकरणाकडे वळले. शहाजीराजांच्या दरबारातील जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्यांनी संपादित केले आणि त्याला मोठी प्रस्तावना जोडली. अनेक भाषांतील कविता असलेले ते काव्य इतिहासाचे साधनही होते आणि भाषेचेही. गावांच्या नावांवरून महाराष्ट्रात वस्ती कशी होत गेली याचा त्यांनी शोध घेतला, विवाहसंस्थेच्या उगमावर लिहिले आणि माणूस आपले विकार व विचार कोणत्या साधनांनी प्रकट करत आला, यावरही निबंध लिहिला. एका प्रश्नाचा माग काढता काढता दुसऱ्या शास्त्राच्या दारात जायचे आणि तेही उघडायचे, ही त्यांची रीत होती.

या रीतीचा तोटाही होता. राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आणि ऐतिहासिक अनुमाने पुढच्या अभ्यासकांनी मान्य केली नाहीत. सगळ्याचा उगम संस्कृतात शोधण्याकडे त्यांचा कल होता आणि एकदा मत बनले की ते फार ठासून मांडत. तरीही त्यांनी जमवलेली सामग्री बाद झाली नाही. ते गेल्यानंतर पंधरवड्याच्या आत, ९ जानेवारी १९२७ रोजी, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. भास्कर वामन भट यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यांचे दप्तर सांभाळले. कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचा ‘मराठी धातुकोश’ १९३७ मध्ये मंडळाने छापला. पुढे नामांच्या व्युत्पत्तीचा कोशही निघाला. मंडळाचे ‘संशोधक’ हे नियतकालिक आणि वस्तुसंग्रहालय हेही त्याच कामाचे पुढचे टप्पे होत. हे दप्तर वेळीच हाती घेतले गेले नसते, तर आयुष्यभराच्या टिपणांची रद्दी व्हायला वेळ लागला नसता.

पूर्व खानदेशातले एक महत्त्वाचे जतन घरातच घडले. असोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या आणि जळगावला सासर असलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या लेवा गणबोलीत गाणी रचत. त्यांचे कवी असलेले पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी त्या गाण्यांची वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये संग्रह प्रसिद्ध झाला. उतरवताना बोलीचे उच्चार प्रमाण मराठीत बसवले गेले नाहीत, म्हणून हा संग्रह कवितेइतकाच त्या बोलीचा दस्तऐवज ठरला. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात केकी मूस यांनी एकट्याने वेगळेच काम उभे केले. १९१२ मध्ये मुंबईत जन्मलेले मूस इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन परतले आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी मृत्यू येईपर्यंत चाळीसगावातच राहिले. ते घराबाहेर क्वचितच पडत. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, प्रकाश आणि कोन यांच्या हिशेबाने त्यांतून मोठे दृश्य उभे करायचे, या ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणात त्यांचा हातखंडा होता. हे अर्धे चित्रकाराचे काम आहे आणि अर्धे प्रकाशशास्त्राचे. चित्रकला, मातीकाम, लाकडी कोरीवकाम, कागदाच्या घड्यांची ओरिगामी, सतार आणि अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका असा त्यांचा पसारा होता. त्यांच्या एकांतवासाला जोडलेली प्रेमकथा गावात आवडीने सांगतात. तिच्या भरात त्यांची कारागिरी मात्र दुर्लक्षित राहते. त्यांचे घर आता कलादालन आहे.

खानदेशातील अहिराणी बोलीची नोंद जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीत १९०७ मध्ये ‘खानदेशी’ या नावाने भिल्ली बोलींच्या खंडात झाली होती. तिचा आतून अभ्यास होण्यास बराच काळ जावा लागला. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश आणि म्हणी-वाक्प्रचारांचा संग्रह केला, तसेच खानदेशातील कृषिजीवनाचा सचित्र कोश तयार केला. औत, मोट, बैलगाडी यांच्या एकेका भागाला नाव असते आणि ते अवजार वापरातून गेले की नुसत्या व्याख्येवरून तो भाग नव्या वाचकाला ओळखता येत नाही. त्यामुळे अशा कोशात शब्दाशेजारी चित्र असणे ही मूळ गरजच आहे.