एका 'डेट'ची अनेक रूपे

इंग्रजी भाषेत काही शब्द दिसायला लहान, पण पोटात फार अर्थ साठवून बसलेले असतात. 'डेट' हा त्यांतलाच एक. शाळेतल्या मुलाला विचारा, तो सांगेल, डेट म्हणजे तारीख. बाजारहाट करणाऱ्या त्याच्या आईला विचारा, ती सांगेल, डेट म्हणजे खजूर. दोघेही बरोबर! मग तारीख आणि खजूर यांचे नाते तरी काय? हे पाहण्यासाठी आम्ही जुने कोश उघडले, आणि शब्दाचा माग काढत काढत ओमान देशातल्या खजुरीच्या बागांपर्यंत जाऊन पोहोचलो.

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली लंडनमध्ये निघाला. त्यात 'डेट'चे सहा अर्थ दिले आहेत. पहिला, पत्रावर घातलेला दिवस. दुसरा, एखादी घटना घडली तो काळ. तिसरा, एखादे काम पुरे करण्यासाठी नेमून दिलेला दिवस. चौथा, शेवट. पाचवा, एखादी गोष्ट टिकून राहते तेवढा काळ. आणि सर्वांच्या मागे, पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, सहावा अर्थ: खजुरीचे फळ.

यांतला चौथा व पाचवा अर्थ आज बोलण्यातून गेला आहे. शेक्सपिअरच्या काव्यात मात्र तो भेटतो. तिसरा अर्थ आपल्या मराठीतही आहे. कोर्टात 'तारीख पडली' असे म्हणतात, तो हाच. उलट, तरुण-तरुणींनी ठरवून भेटणे हा अर्थ जॉन्सनसाहेबांना ठाऊकच नव्हता. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झाला.

खरी गंमत पुढेच आहे. हे सहा अर्थ एका शब्दाचे नाहीतच! हे मुळात दोन निराळे शब्द. रोमन लोक पत्राच्या शेवटी 'अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिले' असे लिहीत. त्यातल्या 'दिले' या लॅटिन शब्दापासून, म्हणजे 'दाता'पासून, तारखेचा 'डेट' झाला. संस्कृतातील 'दत्त' आणि 'दान' हे त्याचेच दूरचे भाऊबंद. फळाचा 'डेट' मात्र ग्रीक 'दाक्त्युलोस', म्हणजे बोट, या शब्दावरून आला. खजूर बोटाच्या पेरासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले असे सांगतात. काही पंडितांच्या मते हा शब्दही मुळात अरबीच्या कुळातला असून ग्रीकांनी तो आपल्या सोयीने वळवून घेतला. दोन्ही शब्द फ्रेंचच्या गिरणीतून भरडून निघाले आणि इंग्रजीत येईपर्यंत जुळे दिसू लागले.

आपल्या मॉरिशसमध्ये हे लगेच पटेल. फ्रेंचमध्ये फळाच्या नावाला एक 'त' जास्त लिहितात, पण कानाला दोन्ही शब्द सारखेच, 'दात'. घरातल्या आजीला नातवाने "दात हवा का?" असे विचारले, तर ती आधी आपल्या तोंडालाच हात लावील!

आता ज्या देशात हे फळ पिकते तिथे पाहू. ओमानमध्ये एका फळाला एक नाव पुरत नाही. अजून कडक असलेले फळ 'बुसर', पिकून मऊ झालेले 'रुतब' आणि सुकलेले 'तमर'. आपल्या चिंचेलाही अरबांनी 'तमर हिंदी' म्हटले, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. इंग्रजीतला 'टॅमरिंड' शब्द त्यावरूनच आला. आणि कॅलेंडरच्या 'डेट'ला अरबीत म्हणतात 'तारीख'. तोच शब्द फारशीच्या मार्गाने मराठीत आला. अरबीत त्याचा आणखी एक अर्थ आहे, इतिहास.

ओमानात 'मबसली' नावाची खजुराची जात आहे. जुलैच्या सुमारास पूर्वेकडील बिदिया भागात तिचे पिवळे, कडक घोस उतरवतात. मोठ्या कढयांत पाणी उकळून ही फळे शिजवतात आणि मग कडक उन्हात कित्येक दिवस वाळवतात. या कामाला तिथे 'तबसील' म्हणतात. असा वाळवलेला माल पिढ्यान् पिढ्या जहाजांतून हिंदुस्थानात येत राहिला. हिंदुस्थानात त्याचे नाव काय? खारीक! महाराष्ट्रात सुवासिनीची ओटी भरताना नारळाबरोबर, पूजेच्या विड्यावर सुपारी, हळकुंड आणि बदामाबरोबर मांडतात तीच खारीक. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात पडते तीही हीच.

या व्यापाराची एक आठवण सांगण्यासारखी आहे. मस्कत आणि झांजिबारचे राज्यकर्ते सय्यद सईद यांचे 'सुलताना' हे जहाज १८४० साली न्यूयॉर्क बंदरात पोहोचले. त्यावर इतर मालाबरोबर खजुराची १३०० पोती होती. ते जहाज बांधले होते मुंबईच्या माझगावात, १८३३ साली.

या सर्वांवरून एक गोष्ट ध्यानात येते. जिथे इंग्रजी एकट्या 'डेट'वर भागवते, तिथे मराठीजवळ चार शब्द आहेत: तारीख, तिथी, खजूर, खारीक. तारीख इंग्रजी कॅलेंडरची, तिथी पंचांगाची. गणेशचतुर्थी तिथीने येते, म्हणून दर वर्षी तिची तारीख बदलते. खजूर मऊ, खारीक कोरडी. ओटीत खारीकच घालतात. मोल्सवर्थ यांच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशात या शब्दांना आपापली वेगळी जागा मिळाली आहे.

आपल्या बेटावर मुले तीन-चार भाषा सहज बोलतात, ही अभिमानाचीच गोष्ट होय. पण घरात सगळ्यालाच 'दात' किंवा 'डेट' म्हणण्याची सवय लागली, तर हळूहळू तिथी आणि तारीख, खजूर आणि खारीक यांतला फरकही मुलांच्या मनातून पुसला जाईल. शब्द गेला की त्याच्याबरोबर त्याची रीतही जाते. ओटीत नेमके काय घालायचे हे उद्या कोणाला सांगता येईल?

म्हणून वाचकहो, येत्या सणाला पूजेची तयारी मुलांच्या हातून करवून घ्या. विड्यावर खारीक ठेवताना तिचे नाव त्यांना मराठीतच सांगा, आणि ती समुद्रापलीकडल्या ओमानसारख्या देशांतून आपल्या पूजेत आली, हेही सांगा.